पिवळ्या बॅगेला वांगी काठ

चार वर्षं माझा कॅमेरा कोथिंबिरीखालून गेला. हे ऐकून लोक हसतात आणि मला अजूनही राग येतो.

कॅमेरा सेकंडहँड होता, पण माझा होता. आधी दहा वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले, मग मोबाइलवरच बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस असे फोटो काढायला लागले आणि त्या कमाईतून एका बंद पडणाऱ्या स्टुडिओकडून तो घेतला. एवढ्या हौसेनं घेतलेली वस्तू मी घराबाहेर कशी काढायची? टॉवेलात गुंडाळून, नायलॉनच्या भाजीच्या पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून. आमच्या गल्लीच्या तोंडाला कट्टा आहे आणि कट्ट्यावर सकाळपासून माणसं बसलेली असतात. त्यांच्यासमोरून सुनेनं गळ्यात कॅमेरा अडकवून जायचं म्हणजे आत्तींना कसंतरीच वाटायचं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्तींनी मला कधी 'जाऊ नको' म्हटलं नाही, तेवढं श्रेय मी त्यांना देते. त्या दारापर्यंत यायच्या, गल्लीकडं एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "झाकून ने गं." मी झाकून न्यायची. संध्याकाळी परत येताना कोथिंबिरीनं माना टाकलेल्या असायच्या, मग तिची वडी व्हायची. चार वर्षांत आमच्या घरानं जेवढी कोथिंबीर वडी खाल्ली तेवढी कुठल्या हॉटेलात खपली नसेल.

पेठेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मं कोल्हापूर इथंच वाचायचं थांबेल आणि उरलेलं निम्मं मला घरी येऊन भेटेल. कोल्हापूरची कुस्ती सगळ्या जगाला माहीत आहे. फुटबॉलचं वेड मात्र बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. इथं प्रत्येक पेठेचा संघ आहे, संघाचा रंग आहे, आणि सामन्याच्या दिवशी तो रंग अंगावर नसेल तर माणूस आजारी आहे असं समजतात. मी मूळची मुरगूडची. माहेरी माझा रंगांशी संबंध साडी घेण्यापुरता. लग्न होऊन आले ती गोलकीपरच्या घरात. मामा तरुणपणी पेठेच्या संघाचे गोलकीपर होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडीच जुळलेली आहेत, आणि पंच्याहत्तरी उलटली तरी पेठ त्यांना गोलकीपर म्हणूनच हाक मारते. त्यामुळं मी 'गोलकीपरची सून'. किराणा दुकानात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं तेच. "तुम्ही गोलकीपरच्या सूनबाई न्हवं?" अठरा वर्षांत त्यापुढं कुणी काही विचारलं नाही.

सामन्याचे फोटो मी आधी कुंपणाच्या बाहेरून, जाळीच्या भोकातून काढायची. मामांमुळंच ते सुरू झालं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालंय पण लांबचं धड दिसत नाही. स्टेडियमच्या पहिल्या पायरीवर ते ठरलेल्या जागी बसतात आणि त्यांना खेळाडूंच्या जागी नुसते रंगाचे ठिपके दिसतात. मग घरी आल्यावर मी काढलेले फोटो मोठे करून दाखवायची आणि ते चांगला डोळा लावून बघायचे. "हा बघ, हा बाहेर यायला पायजे होता. खुंटागत हुबा ऱ्हायलाय." असं करत करत माझे फोटो पेठेत फिरले, एकदोन पेपरातसुद्धा लागले, आणि यंदा मला मैदानात बसायचा पास मिळाला. गोलच्या रेषेमागं, बाकीच्या फोटोग्राफरांच्या ओळीत. त्या ओळीत मी दुसरी बाई पाहिलेली नाही. तो पास गळ्यात पडला त्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून तो तीनदा नीट केला, हेही सांगून टाकते.

आणि नेमकी त्याच आठवड्यात कोथिंबीर नडली. भाजीवाला जुडीवर पाणी मारून देतो. ते पाणी टॉवेलातून झिरपत चार वर्षं आत जात होतं, आणि मी आपली टॉवेल जाड आहे म्हणून निर्धास्त. लेन्सच्या काचेवर धुकं धरायला लागलं तेव्हा दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं लेन्स बॉडीपासून सोडवली, जोडातून चिमट्यानं काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कोथिंबिरीचं पान होतं. वाळून कागदासारखं झालेलं.

"ताई, ह्याच्यात भाजी कुठनं आली?"

मला भर दुकानात रडू आलं, आणि लगेच स्वतःचाच संताप आला. घरी येऊन सांगितलं, आता कॅमेऱ्याला बॅग घेणार. कॅमेऱ्याची म्हणून बॅग.

राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले. माणूस सज्जन होता, त्याच्यावर माझा काही राग नाही. त्यानं मला आपादमस्तक बघितलं आणि सरळ वरच्या फळीवरून एक पर्स काढली. मऊ, गुलाबीसर, पुढं सोनेरी बक्कल. आत मात्र कॅमेऱ्याचे कप्पे.

"ही लेडीज हाय बगा. लग्नात घेऊन जावा न्हाईतर बाजारात. आत कॅमेरा हाय हे कुणाच्या बापाला कळणार न्हाई."

"कळू दे की!" मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले असणार, कारण दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

मग त्यानं पाठीवरच्या काळ्या बॅगा दाखवल्या. सगळ्या काळ्या. मी प्रत्येक पाठीला लावून बघितली. माझी उंची पाच फूट. बॅग खांद्यावरून निघाली की थेट कमरेखाली आपटायची. पट्टे छातीवर असे काही काचायचे की बनवणाऱ्यानं बाईमाणूस कधी बघितलंच नसावं. वर अशी बॅग उघडायची तर ती पाठीवरून काढून जमिनीवर आडवी टाकायची, आणि तेवढ्यात तिकडं गोल होऊन जायचा. आणि काळा रंग! एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या रेग्झिनवर भाकरी भाजेल, आत लेन्सचं काय होत असेल? रेषेमागं बसणाऱ्या सगळ्यांच्या बॅगा काळ्याच. सामना संपला की ते एकमेकांच्या उचलतात आणि मग फोनवर शोधाशोध चालते. मी दुकानदाराला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सगळी हीच नेत्यात, ताई." आता हे काय उत्तर झालं?

स्वतः शिवावी म्हटलं. ब्लाउज शिवणारा हात आहे, बॅग म्हणजे किती लांब? घरच्या मशिनवर रेग्झिनचे दोन पदर धरले आणि तीन सुया मोडल्या. चौथीला मशीनच रुसली.

तेव्हा आठवले सीटकव्हरवाले चाचा. जीप, टेम्पो, शाळेच्या रिक्षा यांच्या सीटा शिवायचं त्यांचं जुनं दुकान आहे. दुकान म्हणजे बारा फुटी बोळ, भिंतीला रेग्झिनचे गठ्ठे, आणि मधे त्यांची जाड सुईची मशीन, जिच्या आवाजापुढं बोलायचं तर ओरडावं लागतं. मी टेबलावर कॅमेरा, लांब लेन्स, छोटी लेन्स, फ्लॅश असं सगळं ओळीनं मांडलं.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ही सीट कुनाची म्हनायची, वैनी?"

"ह्यांना बसायला घर पायजे, चाचा. आणि मला बसायला बी पायजे."

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. जन्मभर ड्रायव्हरांच्या बैठकी शिवलेल्या माणसाला कुणीतरी नवं काम दिलं होतं. त्यांनी टेपानं एकेका लेन्सचं माप घेतलं, मग मला स्टुलावर बसवून खांद्यापासून कमरेपर्यंत दोरी धरून पट्ट्याचं माप घ्यायला लावलं. दोरी माझीच, हात माझाच, ते लांबून सांगत होते. मी माझ्या मागण्या सांगितल्या. झाकण माझ्या अंगाकडं उघडलं पाहिजे, म्हणजे गर्दीतला हात आत जाणार नाही. तळाला आणि झाकणाला प्लायवूड, म्हणजे रेषेवर मी तिच्यावरच बसेन. आत आणि झाकणावर जीपच्या सीटचा घट्ट फोम. आणि रंग असा की लांबून दिसली पाहिजे.

"किती लांबनं?"

"पार स्टेडियमच्या वरच्या पायरीवरनं. शंभर माणसांत दिसली पायजे."

त्यांनी गठ्ठ्यातून एक गुंडाळी ओढली. शाळेच्या रिक्षाचं उरलेलं रेग्झिन, पिवळंजर्द, हळदीत बुडवून काढल्यासारखं. मी त्यावर हात फिरवला आणि म्हटलं, हेच.

चार दिवस मी रोज जाऊन बघत होते. शिवणारी बाई आहे मी, शिवण बघायला मला सिनेमापेक्षा जास्त आवडतं. पाचव्या दिवशी बॅग तयार होऊन टेबलावर बसली होती, आणि तिच्या सगळ्या कडांना, पट्ट्याला, झाकणाला, वांगी रंगाची पायपिंग होती.

"एकट्या पिवळ्याला शोभा न्हाई," चाचा म्हणाले. "साडीला काठ लागतो का न्हाई? पिवळ्याला काठ म्हनजे वांगीच. दुसरा सोबतच न्हाई."

आणि खरंच इतकी देखणी दिसत होती! मी ती तिथंच खांद्याला लावली, झाकण दहा वेळा उघडलं-मिटलं, तिच्यावर बसून बघितलं. चाचांना म्हटलं, तुमच्या हातात जादू आहे. स्कूटरवर पुढं ठेवून निघाले. चौकात चार पोरं उभी होती. मला बघून त्यांनी मुठी वर करून आरोळी ठोकली. मला वाटलं, बॅग आवडली. मीसुद्धा हात केला! मग आमच्या गल्लीत वळले, आणि कट्ट्यावरची माणसं बोलता बोलता गप्प झाली. एकाच्या हातातला चहा तसाच राहिला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पिवळा आणि वांगी. पलीकडच्या पेठेचा संघ. ज्यांच्याशी आमच्या पेठेचं तीन पिढ्यांचं वाकडं, त्यांचे रंग मी खांद्याला लावून भर दुपारी गोलकीपरच्या दारात उतरत होते. चाचांच्या दुकानात भिंतीवर त्या संघाचा झेंडा होता. पाच दिवस मी त्याच्याखाली बसून चहा प्याले होते. आणि म्हणे फोटोग्राफरची नजर!

तशीच उलटी फिरून दुकानात गेले. चाचांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात कानाला लावले.

"अल्लाशप्पत, ध्यानातच आलं न्हाई. हात गेला बगा तिकडं. चाळीस वर्सं तेच झेंडे शिवतोय." मग हळूच म्हणाले, "उसवून देतो की. लाल लावतो, तुमच्या पेठेचा. उद्या या."

मी हो म्हणून आले होते, हे खरं आहे. उद्या जाणार होते. पण त्या संध्याकाळी घरात जे झालं त्यानं माझं डोकं फिरलं.

पेठेच्या संघाचा सेक्रेटरी घरी आला. पाच दिवसांनी उपांत्य सामना होता, आणि समोर नेमका तोच पिवळा-वांगी संघ. सेक्रेटरीनं बॅगेकडं बघितलंसुद्धा नाही, मामांकडं बघून बोलला. "सामन्यादिवशी ही मैदानात दिसली तर पोरं ऐकायची न्हाईत. वैनींना सांगा, न्हाईतर पास परत घ्यावा लागंल."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला सांगायचं ते मला सांगायला याची जीभ झडत होती का? "पास स्पर्धेचा हाय," मी म्हणाले, "पेठेचा न्हवं."

"मिळवून कुनी दिला, वैनी?"

शब्द त्यानंच टाकला होता, ते मी नाकारत नाही. पण फोटो कुणी काढले होते? मी बोलायच्या आत आत्ती आतून आल्या. त्यांच्या हातात उशीचा अभ्रा होता, काळा, धुऊन घडी घातलेला. त्यांनी तो बॅगेवर चढवून बघितला. बरोबर बसला.

"झालं की," आत्ती म्हणाल्या. "झाकून ने गं."

काय सांगू तुम्हाला! तोवर मला त्या काठाचं काही नव्हतं. लाल लाव, निळा लाव, माझं काय जात होतं? पण 'झाकून ने' ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षांची सगळी कोथिंबीर माझ्या डोळ्यांपुढं आली. मी अभ्रा काढला, घडी करून आत्तींच्या हातात दिला आणि म्हणाले, "न्हाई. आता मी झाकून कायच नेत न्हाई. अशीच नेतो." आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा 'नेतो, जातो' म्हणतात, त्या दिवशी मला ते बोलायला भारी वाटलं.

सेक्रेटरी गेला. मामा खुर्चीत बसले होते. त्यांनी हात पुढं करून बॅगेच्या काठावरून ती दोन वाकडी बोटं फिरवली आणि एवढंच म्हणाले, "ह्याच रंगाच्या बुटाखाली माझी बोटं गेल्यात." उठून आत गेले. पुढचे पाच दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ताटात वाढलं ते खायचे, चहा घ्यायचे, आणि तोंड दुसरीकडं करायचे. बाकी कुणी काही म्हटलं तरी मला चाललं असतं. मामांचं ते तोंड फिरवणं मात्र मला लागलं. पेठेतल्या त्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात माझे फोटो पहिल्यांदा त्यांनीच बघितले होते.

नवरा फौंड्रीतून आल्यावर म्हणाला, "एका दिवसाचा तर प्रश्न हाय. घाल की अभ्रा."

"तुमच्या हेल्मेटला घालतो," मी म्हणाले. तो हसला आणि मग त्यानं तोंड घातलं नाही.

चाचा वाट बघत असतील म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन आले. उसवायचं नाही म्हणून सांगितलं. त्यांनी काठ चिमटीत धरून बघितला. म्हणाले, "एका अर्थी बरंच. रेग्झिनला एकदा सुई गेली की भोक बुजत न्हाई. उसवली असती तर पावसात पानी शिरलं असतं." हे त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी चांगलं काम खराब करायला निघाला होता म्हातारा.

सामन्याच्या दिवशी मी बॅग खांद्याला लावली आणि गल्लीतून चालत गेले. स्कूटर मुद्दाम घेतली नाही. कट्ट्यावरून एकजण म्हणाला, "वैनी, पार्टी बदलली व्हय?" मी थांबले. "ह्यात कॅमेरा हाय, दादा. बगायचाय?" तो म्हणाला, नको नको. मी पुढं चालत राहिले.

गेटवर सेक्रेटरी उभाच होता. मागं पेठेची पन्नासेक माणसं, लाल टीशर्ट, हलगी. त्यानं हात पुढं केला.

"वैनी, पास द्या."

"घ्या की," मी म्हणाले. आणि मान ताठ करून त्याच्यासमोर उभी राहिले. "माझा मी काढून देनार न्हाई. माझ्या गळ्यातला हाय, तुमी काढून घ्या. सगळ्यांम्होरं घ्या."

हलगी थांबली. आता काय करेल बिचारा? पन्नास माणसांच्या देखत गोलकीपरच्या सुनेच्या गळ्याला हात लावायची कोणाची छाती आहे आमच्या पेठेत? त्याचा हात तसाच हवेत राहिला, मग त्यानं तो स्वतःच्या मिशीवर नेला आणि बाजूला बघायला लागला. मी आत गेले. ज्या रिवाजानं माझा कॅमेरा चार वर्षं झाकायला लावला, त्याच रिवाजाचा मी त्या दिवशी फायदा घेतला, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

आत गेल्यावर आमच्या स्टँडनं माझी हुर्यो उडवली. ते मी धरूनच चालले होते. पण समोरच्या स्टँडनं टाळ्या वाजवल्या, "वैनी आपली! वैनी आपली!" करून, आणि ते मला हुर्योपेक्षा जास्त झोंबलं. मी उठले. बॅग दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, आधी त्यांच्याकडं वळले आणि मान हलवून नाही म्हणाले. मग आमच्या स्टँडकडं वळले आणि तसंच नाही म्हणाले. मग ती गोलच्या रेषेमागं ठेवून तिच्यावर बसले. जीपच्या सीटसारखी घट्ट, मऊ. शेजारचा काळ्या बॅगेवाला म्हणाला, "मॅडम, कुठनं घेतली हो?"

सामना आम्ही हरलो. पेनल्टीवर. मग काय, आठवडाभर पेठेत एकच बोलणं, बॅगेमुळं हरलो. संघानं तीन पेनल्टी आभाळात मारल्या त्याचं कुणी नाव काढलं नाही! त्या सामन्यात आमच्या गोलकीपरचा एक झेप घेतानाचा फोटो मला मिळाला होता, हाताची बोटं पसरून, चेंडू नखभर लांब. तो त्याच संध्याकाळी मोठा करून मी मामांच्या खुर्चीवर ठेवला आणि स्वयंपाकाला लागले. बऱ्याच वेळानं बघितलं तर ते फोटो चांगल्या डोळ्याजवळ धरून बसले होते. माझी चाहूल लागली तसं म्हणाले, "बोटं नीट हायत ह्याची." पाच दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. मी तव्यावरची भाकरी उलटली.

अंतिम सामन्याला आमच्या पेठेतून कोण जाणार? आपला संघ नसला की आमच्याकडं त्या दिवशी लोकांना अचानक शेतावर काम निघतं. माझा पास मात्र कुणी मागायला आलं नाही. मी गेले, झाकल्याशिवाय गेले, आत्ती दारापर्यंत आल्या आणि या वेळी नुसतंच गल्लीकडं बघितलं. अभ्रा त्यांनी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात घडी करून ठेवलेला मला मैदानात सापडला. लेन्स पुसायला छान आहे.

सामना सुरू व्हायच्या आधी मी गेटजवळच्या कोपऱ्यात लेन्स बदलत बसले होते. तेवढ्यात मामांचा खोकला ऐकू आला. एकटेच आले होते, काठी टेकत. गेटवर त्या दिवशी नवा माणूस होता, बाहेरून आणलेला. त्यानं आपल्या हातातली काठी आडवी केली.

"पावणं, तिकीट?"

पावणं! त्या मैदानावर! ज्या गेटातून त्यांना पन्नास वर्षांत कुणी अडवलं नाही, त्या गेटावर ते पाहुणे झाले होते. माझा जीव कळवळला. मी बॅग तशीच टाकून उठले. हे गोलकीपर आहेत, सोड त्यांना, असं ओरडायला तोंड उघडलंसुद्धा.

"तिकीट न्हाई," मामा म्हणाले.

"मग कोन तुमी?"

मामांनी मैदानाकडं तोंड केलं. डोळे बारीक करून त्यांनी शोधलं. माणसं त्यांना ठिपक्यांसारखी दिसतात, मी काही त्यांना दिसले नसणार. पण मग त्यांचा हात वर आला, वाकड्या बोटांचा, आणि बरोबर माझ्या दिशेला थांबला.

"ती पिवळी बॅग दिसतीया न्हवं?" ते म्हणाले. "वांगी काठाची? तिचा सासरा हाय मी."

गेटवाल्यानं एकदा बॅगेकडं बघितलं आणि काठी बाजूला घेतली.